पायताण युरोपला जरूर पाठवा, पण प्लॉट विकून नको

आलेलं पत्र :

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार. आम्ही निपाणी भागातल्या एका खेड्यात राहतो. घरात तीन पिढ्यांपासून कोल्हापुरी चपला बनतात. नवरा आणि दीर तळ कापतात, शिवतात. सासूबाई आणि मी वेणी घालतो, कान शिवतो. दोन गडी कामाला आहेत. आठवड्याला चाळीस-पन्नास जोड निघतात. सगळा माल कोल्हापूरच्या एकाच व्यापाऱ्याकडे जातो. तो स्वतःच्या दुकानाच्या खोक्यात घालून विकतो आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो, तेही तुकड्यातुकड्यानं. मी बी.कॉम. आहे, त्यामुळं हिशेबाची वही माझ्याकडं.

मध्यंतरी एका प्रदर्शनात दिरांना एक एजंट भेटला. तो म्हणतो, युरोपचा करार झाला, आता सगळा कर शून्य, सत्तावीस देशांत माल जाईल. परवाने, मानांकन, वेबसाइट, सगळं तो करून देणार, त्याचे साडेचार लाख. दीर गावाबाहेरचा तीन गुंठ्यांचा प्लॉट विकायला निघालेत. माझे मालक म्हणतात, आपण बरं, आपलं काम बरं. घरात रोज वाद आहे. त्यात कोल्हापूरचे एक पाहुणे म्हणाले, तुम्ही कर्नाटकात, तुम्हाला 'कोल्हापुरी' लिहिताच येत नाही. इटलीच्या प्राडा फॅशन कंपनीवाले कोल्हापुरीचा जोड आठशे युरोला विकणार असं वाचलं आणि दिरांची तर झोपच उडाली. आम्ही काय करावं?"

ताई,

प्लॉट विकू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत दिरांनी कुणाला शब्द देऊन ठेवला तर पंचाईत व्हायची.

एजंट कशाचे साडेचार लाख मागतोय ते एकदा वहीत मांडून बघा. निर्यातीसाठी लागणारा आयईसी नंबर डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या, साइटवर घरबसल्या निघतो, त्याची सरकारी फी 500 रुपये. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट. कोल्हापुरीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव लावायचं शुल्क 2020 मध्ये 500 वरून 10 रुपयांवर आणलं. दहा! जीएसटी असेल तर कर न भरता माल बाहेर पाठवण्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र द्यावं लागतं, तेही ऑनलाइन आणि बिनपैशाचं. तुम्ही बी.कॉम. आहात, दोन दुपारी बसलात तर यातले बरेचसे अर्ज तुमचे तुम्ही भराल. कन्नडमध्ये असलेला अर्ज एखाद्या शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. आपल्या मराठी शाळांतली मुलंसुद्धा कन्नड शिकतात, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. मग उरते वेबसाइट. ती पाच-दहा हजारांतही होते आणि तुमच्या धंद्याला तूर्त तिची गरजच नाही.

आता करार. दिरांना तो नीट समजलेला नाही आणि एजंटला नीट समजावून द्यायचा नाही.

भारत आणि सत्तावीस देशांचा युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा दिल्लीत 27 जानेवारी 2026 ला झाली. घोषणा झाली म्हणजे करार लागू झाला असं नसतं. मसुदा कायदेतज्ज्ञ तपासतात, संघाच्या 24 अधिकृत भाषांत त्याचं भाषांतर होतं, सह्या होतात, युरोपीय संसदेची मान्यता लागते, आणि मग ठरलेल्या तारखेपासून तो सुरू होतो. ब्रिटन त्यात नाही. तो 2020 मध्येच संघातून बाहेर पडला आणि त्याच्याशी आपला करार निराळा आहे, त्यावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. एजंटच्या तोंडी 'युरोप' म्हणून दोन्ही एकत्र येत असतील तर त्याला तिथंच थांबवा. करार लागू झाल्याची तारीख सरकारी अधिसूचनेत येईल. तोवर कुणाला भाव सांगाल तर आयातकर आहे असं धरूनच सांगा.

तो कर किती हेही बघा. जगभरच्या कस्टममध्ये प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक असतो. आपल्या चपलेचा 6403 20. त्याचं वर्णन असं आहे : चामड्याचा तळ, पायाच्या वरच्या भागावरून आणि अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्या समोर आपलंच पायताण पडलेलं असावं, अशी मला फार दिवसांची शंका आहे. या क्रमांकावर युरोपचा सर्वसाधारण कर 8 टक्के. म्हणजे तिथल्या घेणाऱ्याला तुमचा जोड भाडंविमा धरून 1,500 रुपयांना पडत असेल तर कर झाला 120 रुपये. करारानं वाचणार ते जास्तीत जास्त एवढेच. आणि ते वाचणार तिकडच्या आयातदाराचे, कारण कर तो भरतो. त्यातले निम्मे तुमच्याकडं वळवायचे असतील तर भाव करताना घासाघीस करावी लागेल. प्लॉट विकून 120 रुपयांच्या मागं धावायचं का, एवढं दिरांना विचारा.

एक बारीक गोष्ट. हल्ली बरेच जण तळाखाली रबराची पट्टी मारतात, घसरू नये म्हणून. जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः रबराचा झाला की क्रमांक 6403 20 राहत नाही, दुसऱ्यात जातो. कागदावर एक आणि खोक्यात दुसरंच निघालं तर माल बंदरात अडकतो. तुम्ही दोन्ही प्रकार करत असाल तर आजपासूनच वहीत त्यांची वेगवेगळी पानं घाला.

मग एवढ्या गाजावाजाचा तुम्हाला उपयोग काय? उपयोग आहे, पण तो करापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. सत्तावीस देशांचा मिळून एकच बाजार आहे, नियम एक आहेत. माल एकदा रॉटरडॅमला उतरला आणि कर भरून आत गेला की तिथून जर्मनीत जावो नाहीतर स्पेनमध्ये, पुन्हा कस्टम नाही. त्यामुळं एका देशाच्या परीक्षेत पास झालात की सत्तावीस देशांच्या परीक्षेत पास झालात. नापास झालात तर तेही सत्तावीस ठिकाणी. करारामुळं या कोल्हापुरीकडं नव्यानं बघणारे आयातदार येतील हे खरं, पण ते पहिली विचारणा करतील ती या परीक्षेच्या कागदांची.

ती परीक्षा सगळी कातड्यावर आहे. चामड्याची जी वस्तू अंगाला लागते तिच्यात सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमचं घातक रूप) किलोमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, हा नियम 2015 पासून आहे. आपलं जुन्या पद्धतीचं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं या बाबतीत भाग्यवान, कारण त्यात मुळात क्रोम नसतो. धोका आहे तो वेणीत आणि अस्तरात. त्यासाठी बाजारातून जे मऊ, रंगीत कातडं आणता ते बहुधा क्रोमवर कमावलेलं असतं. तळ निर्दोष आणि अंगठ्याच्या पट्टीमुळं अख्खा जोड बाद, असं होऊ शकतं. रंगाचंही तसंच. काही अॅझो रंगांतून घातक अमाइन निघतात, त्यांची मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम. सुट्या डब्यातला लाल-पिवळा रंग कुणाचा आहे, त्यात काय आहे, हे दुकानदारालाही माहीत नसतं. रंग बंद डब्यातला, कंपनीचं नाव आणि माहितीपत्रक असलेला घ्यायला लागा. थोडा महाग पडेल. पडू दे.

पावसाळ्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार! जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं कातड्यावर बुरा येतोच, आणि जहाजातल्या डब्यात महिनाभर बंद राहिलं की तो खोका उघडताना स्वागताला हजर असतो. तो टाळायला पूर्वी खोक्यात पांढऱ्या पावडरीच्या पुड्या टाकत. त्यातलं डायमिथाइल फ्युमरेट युरोपनं बंद केलंय, कातडी भाजायची त्यानं लोकांची. साधं सिलिका जेल चालतं. पण खरा उपाय म्हणजे तळ पुरता वाळल्याशिवाय शिवायला न घेणं. तुमच्या मालकांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त घाई असली की सगळेच यात कुचराई करतात, तेवढं बघा.

नमुने तपासायला चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, 1948 पासूनची. आधी फोन करून फी विचारा, मग पाठवा : तळाचा तुकडा, वेणीचा, अस्तराचा, आणि प्रत्येक रंगाचा एक. हा खर्च मात्र करा. या वर्षी निर्यातीच्या नावानं घरातून कशाला पैसे काढायचेच असतील तर ते याला.

आणि कातड्याचं बिल घ्या. हे लिहिताना मला माहीत आहे की तुम्ही हसणार. बाजारात रोखीनं कातडं घ्यायचं, पिशवीत घालायचं, घरी यायचं, हीच आपल्याकडची रीत. पण कराराची सवलत मिळते ती माल भारतात बनला हे सिद्ध केल्यावर. तुमचा जोड नखशिखांत इथला आहे, त्यात शंका नाही, पण कातडं कुठून आलं याचा कागदच नसेल तर ते सांगायचं कशाच्या आधारावर? सवलतीचा दाखला देणारा निर्यातदार तुमच्याकडं हाच कागद मागेल, आणि ज्या कारागिराकडं तो असेल त्याच्याकडून माल उचलेल.

पाहुण्यांना आता माझा नमस्कार सांगा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. आठ जिल्हे. अर्ज महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाचा आणि कर्नाटकच्या 'लिडकर'चा, म्हणजे डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळाचा. सीमेवरून दोन राज्यांचं इतकी वर्षं कशावर एकमत होत नाही, पण पायताणावर झालं! तेव्हा कोगनोळीचा टोलनाका ओलांडल्यानं तुमची चप्पल खोटी होत नाही. 'कोल्हापुरी' लिहा, ठणकावून लिहा. फक्त त्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लावून घ्या, ते दहा रुपयांचं काम. लिडकरच्या ऑफिसात जाऊन विचारा, एका खेड्यातल्या सगळ्या घरांचे अर्ज एकदम दिले तर काम सोपं होईल. एक ध्यानात असू द्या, या नोंदणीचं कवच भारतात आहे. युरोपात ते आपोआप लागू होत नाही, तिथं वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो महामंडळांनी करायचा, तुम्ही नव्हे.

प्राडाचं दोन वाक्यांत संपवतो. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, ओरड झाली, डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी त्यांचा करार झाला : दोन हजार जोड, किंमत साधारण आठशे युरो. त्यात चपलेची किंमत थोडी आणि नावाची फार, तेव्हा त्या आकड्यावरून आपला भाव ठरवू नका. घेण्यासारखं एवढंच की कारागिरांचं प्रशिक्षणही त्या करारात आहे. लिडकरकडं जाल तेव्हा त्याची यादी कशी होते ते विचारा आणि दिरांचं नाव द्या. जायची हौस आहे ना त्यांना, मग आधी शिकायला जाऊ द्या.

आता ज्यासाठी हे पत्र इतकं लांबवतोय ते.

तुमच्या वहीत एका जोडाचा खर्च काय लिहिलाय? मी अंदाज करतो : कातडं, वादी, रंग, खिळे-डिंक, दोन गड्यांची मजुरी, वीज, कोल्हापूरची फेरी. बरोबर? तुमची आणि सासूबाईंची मजुरी कुठं आहे? वेणी, गोंडा, कानाची शिवण धरून जोडामागं दोघींचा मिळून समजा दीड तास जातो. आठवड्याला पन्नास जोड म्हणजे 75 तास. हे काम करायला बाहेरची बाई ठेवली तर तिला जे द्यावं लागेल ते या खर्चात मांडा आणि पुन्हा बघा, कोल्हापूरचा व्यापारी देतो त्या भावात काही सुटतं का. नवरा आणि दीर यांचे तासही तसेच मांडा. घरच्या माणसांचं काम फुकट धरलेला भाव घरापुरता चालतो. उद्या एखाद्या आयातदारानं आठ आठवड्यांत 800 जोड मागितले तर तुम्हाला निम्मं काम बाहेरच्या हातांकडून करून घ्यावं लागेल. त्यांना रोख मजुरी द्यावी लागेल. आणि घरच्या फुकट तासांवर बेतलेल्या भावात तो प्रत्येक जादा जोड तोट्यात जाईल. ऑर्डर जितकी मोठी तितकं नुकसान मोठं. मोठ्या ऑर्डरनं बुडालेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वहीत शेवटपर्यंत नफाच दिसत होता.

म्हणून सासूबाईंच्या वेणीला दर लावा. हे त्यांना विचित्र वाटेल. "घरच्या कामाचे कसले पैसे," म्हणतील. वहीत लिहायचं म्हणून लिहा, हातात नंतर द्या, पण लिहा. आणि जमलं तर हातातही द्या.

हा खरा खर्च हाती आला की तुमच्या लक्षात येईल, पहिली लढाई पॅरिसला नाही, कोल्हापुरात आहे. उद्यम नोंदणी फुकट आहे हे वर सांगितलंच. तिचा पहिला फायदा परदेशात होत नाही, इथं होतो. 2006 च्या कायद्याप्रमाणं नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. आणि मुदत टळून वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत तर, आता आयकराच्या नियमाप्रमाणं, घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. हिशेब तपासून घेणाऱ्या व्यापाऱ्याचा सीए हे त्याला मार्चमध्ये नक्की सांगतो. तुम्ही फक्त बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडायला जाऊ नका. सगळा माल जोवर एकाच दारात उतरतो तोवर आवाज चढवण्यात शहाणपण नाही. आधी दुसरं एखादं गिऱ्हाईक जोडा, पुणे, गोवा, हुबळी कुठलंही, दहा-पंधरा जोडांचं का असेना. आणि तळाच्या आतल्या बाजूला तुमचा छोटासा ठसा मारायला सुरुवात करा. खोकं त्याचं असू दे, चप्पल तुमची आहे हे कुठं तरी उमटलं पाहिजे.

परदेशी गिऱ्हाइकाला एकेक जोड पार्सलनं पाठवायचा विचार दिरांच्या डोक्यात असेल, हल्ली सगळ्यांच्या असतो. पोस्टाची 'डाक घर निर्यात केंद्रं' आहेत, तिथून बारीक पार्सलं कस्टमच्या कागदांसह जातात, सोय चांगली आहे. पण गंमत अशी की या वाटेला कराराचा काडीचा संबंध नाही. 150 युरोंच्या आतल्या पार्सलांवर युरोपात आयातकर लागतच नव्हता. उलट 1 जुलै 2026 पासून अशा पार्सलातल्या वस्तूंवर सरसकट 3 युरो बसवायचं त्यांनी ठरवलंय. शिवाय तिथला व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, आहेच, जर्मनीत 19 टक्के, इटलीत 22. आणि 13 डिसेंबर 2024 पासून असा नियम आहे की ग्राहकाला विकायच्या वस्तूमागं युरोपात पत्ता असलेला एक जबाबदार माणूस किंवा कंपनी हवी, तिचं नाव वस्तूवर किंवा वेष्टनावर हवं. निपाणीच्या खेड्यातून तो माणूस शोधायचा म्हणजे पुन्हा कुठल्या तरी एजंटला वर्षाचे पैसे. तेव्हा ओळखीतल्या, नात्यातल्या परदेशस्थाला दोन जोड पाठवायला पोस्ट उत्तम, धंदा म्हणून आज नको.

तुमची वाट तिसरी आहे. आधीच निर्यात करणाऱ्याला माल द्या. अथणीत 'टो होल्ड' नावाची कारागिरांची संस्था 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून उभी आहे. महिलांच्या बचत गटांतून ती वाढली आणि तिचा माल परदेशी गेलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, दिरांना घेऊन एकदा जाऊन या. तिथं मशीन काय आहेत ते बघू नका. जोडाची नोंद कशी ठेवतात, एकाच मापाचे शंभर जोड सारखे कसे काढतात, बाद माल कोण ठरवतं, हे बघा. आठवड्याला पन्नास जोड काढणारं एकटं घर कुठल्याच आयातदाराला पुरत नाही. तुमच्या गावातली आठ-दहा घरं एका फर्म्यावर (चपलेच्या साच्यावर), एका मापपट्टीवर आली तर पुरेल. भाऊबंदकीत हे अवघड जातं, मला कल्पना आहे. चुलत्याचा जोड आपल्या जोडाशेजारी ठेवून कुठला बाद ते सांगायची पाळी येते तेव्हा गट मोडतात. म्हणून तपासणारा माणूस शक्यतो घराबाहेरचा घ्या.

मापाचं काम लगेच सुरू करता येईल. आपल्याकडं माप म्हणजे इंच आणि 'दाखवा बघू पाय'. तिकडं 36 ते 45 चे आकडे चालतात, दर आकड्यात साडेसहा मिलिमीटरच्या आसपास फरक. पाऊल किती मिलिमीटरचं असेल तर कुठला आकडा, असा तक्ता करून भिंतीला लावा आणि फर्मे त्यावर बेता. कोल्हापुरी आधी चार दिवस चावते आणि मग जन्मभर पायाला सोडत नाही, हे आपल्याला कौतुकाचं. तिकडचा माणूस पहिल्याच दिवशी परत पाठवतो. अंगठ्याची आणि पट्ट्याची आतली कडा रापीनं पातळ करून मऊ केली तर निम्म्या तक्रारी जातील. त्याशिवाय चपलेवर एक लेबल लागतं, वरचा भाग, अस्तर आणि तळ या तिन्हींना काय वापरलंय ते चिन्हांनी दाखवणारं. चामड्याचं चिन्ह म्हणजे पसरलेल्या कातड्याचा आकार. रबर मारलेला तळ चामड्याचा म्हणून दाखवलात तर तीही फसवणूकच धरतात.

घरातल्या वादाबद्दल फार बोलत नाही, तो माझा प्रांत नाही. पण पत्रावरून वाटतं, एकाच व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहण्यात धोका आहे, हे दिरांना कळलंय. आणि ज्याची माहिती नाही त्यात जमीन घालू नये, हे तुमच्या मालकांना. दोघांचंही बरोबर आहे. दिरांना एजंटच्या मागं फिरण्यापेक्षा काम द्या : नमुने गोळा करून चेन्नईला धाडणं, बंद डब्यातल्या रंगाचा विक्रेता शोधणं, अथणीची खेप, लिडकरचे हेलपाटे. मालकांकडं फर्मे आणि मापाचा तक्ता. वही तुमच्याकडं आहेच.

एजंटनं पुन्हा फोन केला तर त्याला एकच विचारा : युरोपातल्या कुठल्या घेणाऱ्याची, किती जोडांची, कुठल्या भावाची लेखी मागणी तुझ्याकडं आहे, आणि त्याची आगाऊ रक्कम किती? कागद दाखवला तर त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून सांगेन. दाखवला नाही तर त्याचा नंबर काढून टाका.

नमुने मात्र पावसाच्या आत जाऊ द्यात. भिजक्या दिवसांत पाठवलेलं कातडं तपासणीला पोचेपर्यंत बुरसटतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. वेणीच्या कातड्याचा तुकडा वेगळ्या पाकिटात घाला, त्यावर कुठल्या दुकानातून, कुठल्या तारखेला घेतलं ते लिहा, आणि तसाच एक तुकडा घरी ठेवा. रिपोर्ट आला की कळवा, रंगाचं काय करायचं ते तेव्हा बघू.